दिवसा चष्मे, संध्याकाळी टेप: एका जॅझ ध्वनिमुद्रकाने नोकरी कधी सोडली आणि कशाच्या बळावर

प्रकरण कशाबद्दल आहे

रुडी व्हॅन गेल्डर हे न्यू जर्सीतल्या टीनेक गावात ऑप्टोमेट्रिस्ट होते. डोळे तपासायचे, चष्म्याचा नंबर काढून द्यायचा, हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. तिथून जवळच हॅकेन्सॅकमध्ये आईवडिलांचे घर होते आणि त्या घराच्या दिवाणखान्यात ते जॅझचे ध्वनिमुद्रण करत. हे दोन्ही १९५९ पर्यंत चालले. त्या वर्षी त्यांनी चष्म्याचे काम बंद केले, स्वतःचा स्टुडिओ बांधला आणि पुढे २०१६ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत ते ध्वनिमुद्रकच राहिले.

जॅझच्या ध्वनिमुद्रकांत हे नाव सर्वांत जास्त घेतले जाते, पण इथे थोरवी सांगायची नाही. १९५३ ते १९५९ या सहा वर्षांत त्यांच्यासमोर कोणते पर्याय होते, त्यांनी कोणता कधी निवडला आणि त्याची किंमत कुठे मोजावी लागली, एवढेच तपासायचे आहे. प्रकरण सार्वजनिक नोंदीतले असल्याने मुख्य नाव झाकण्यात अर्थ नाही. ज्या वादकांचे त्यांच्याशी जमले नाही त्यांची नावे मात्र गाळली आहेत. त्यांच्या नावांवाचून मुद्दा अडत नाही.

पार्श्वभूमी

जन्म २ नोव्हेंबर १९२४, जर्सी सिटी. शाळकरी वयात हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा, नाद आणि घरच्या घरी तबकडी कापणारे एक साधे यंत्र, ही सुरुवात. फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया कॉलेज ऑफ ऑप्टोमेट्रीतून १९४६ मध्ये पदवी घेतली. त्याच सुमारास आईवडिलांनी हॅकेन्सॅकला घर बांधायला काढले, तेव्हा मुलाने एक मागणी पदरात पाडून घेतली: दिवाणखान्याला लागून कंट्रोल रूम (ध्वनिमुद्रक यंत्रांसह बसतो ती खोली) आणि मधल्या भिंतीत दुहेरी काचेची खिडकी. घर राहण्यासाठीच होते, पण ती खिडकी नकाशात आली नसती तर पुढचे बरेच काही घडले नसते. नंतर भिंत फोडून अशी खिडकी बसवणे खर्चिक असते आणि आवाज तिच्या कडांमधून झिरपतो तो झिरपतोच.

सुरुवातीची गिऱ्हाइके गावातलीच, हौशी गायक आणि वादक. १९५३ मध्ये जॅझच्या तबकड्या काढणाऱ्या ब्लू नोट कंपनीचे आल्फ्रेड लायन यांच्या हाती सॅक्सोफोनवादक गिल मेले यांचे एक ध्वनिमुद्रण आले. त्यांनी ते विकत घेतले आणि पुढचे कामही तशाच आवाजात हवे म्हणून न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर स्टुडिओत नेऊन ऐकवले. तिथल्या ध्वनिमुद्रकाने सरळ सांगितले की हे ज्याने केले त्याच्याकडेच जा. लायन हॅकेन्सॅकला पोहोचले. त्यांच्यामागून प्रेस्टीज आणि सॅव्हॉय याही कंपन्या येऊ लागल्या आणि कोणत्या कंपनीचा कोणता वार हे ठरून गेले.

अडचण नेमकी कोणती

काम भरपूर आणि धंदा मात्र बेभरवशाचा, अशी ही स्थिती होती. ब्लू नोट, प्रेस्टीज, सॅव्हॉय या तिन्ही छोट्या कंपन्या. त्यांतली एक बसली तर आठवड्यातले दोन वार रिकामे. उलट यंत्रांचा खर्च छोट्या कंपनीलाच काय, मोठ्या स्टुडिओलाही जड जावा असा: जर्मनीहून येणारे न्यूमनचे यू ४७ माइक, अँपेक्सची टेपयंत्रे, तबकडी कापण्याची स्कली लेथ.

दुसरी अडचण खोलीची. दिवाणखान्यात पाच वादकांचा संच बसवला की ट्रम्पेट, ड्रम आणि पियानो यांच्यात हाताच्या अंतरापलीकडे फारसे अंतर उरत नाही. शिवाय घर आईवडिलांचे. रात्री अकराला ड्रम वाजतोय आणि आतल्या खोलीत घरची माणसे, हे वर्षानुवर्षे रेटता येत नाही.

तिसरी अडचण बाहेरून दिसत नाही. टेपवर जे उमटते ते गिऱ्हाइकाच्या घरी जात नसे, जात असे ती तबकडी. टेपवरून लॅकर, म्हणजे जिच्यावरून पुढे विक्रीच्या तबकड्या छापल्या जातात ती मूळ तबकडी, कापण्याचे काम दुसऱ्याच माणसाकडे असेल तर त्याने खर्ज कमी केला, आवाजाची पातळी उतरवली, तरी नाव खराब होते ते मूळ ध्वनिमुद्रकाचे.

समोर असलेले पर्याय

त्या काळात अमेरिकेत या पेशात शिरण्याचे मार्ग मोजके होते.

मोठ्या कंपनीत पगारी नोकरी हा सर्वांत सुरक्षित. कोलंबिया कंपनीकडे न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावर जुन्या चर्चमध्ये स्टुडिओ होता. प्रचंड उंच छत, उत्तम यंत्रे, देखभालीला वेगळी माणसे. तिथे फ्रेड प्लाउट यांच्यासारखे ध्वनिमुद्रक आज शास्त्रीय संगीत, उद्या ब्रॉडवे, परवा जॅझ असे काम करत. पगार नक्की, पण काम निवडण्याची मुभा नाही आणि माइक कुठे ठेवायचा यालाही कंपनीची रीत.

एकाच कंपनीचा घरचा ध्वनिमुद्रक होणे हा दुसरा मार्ग. टॉम डाउड यांनी अटलांटिककडे तो धरला. कंपनीने १९५८ मध्येच आठ ट्रॅकचे (एकाच टेपवर आठ आवाज वेगवेगळे ठेवणारे) अँपेक्स यंत्र घेतले, कारण डाउड यांचा शब्द तिथे चालत होता. लॉस एंजेलिसमध्ये रॉय ड्युनॅन कंटेम्पररी कंपनीसाठी काम करत, तेही कंपनीच्या माल ठेवण्याच्या खोलीत. तिथले ध्वनिमुद्रण आजही दाखला म्हणून ऐकवले जाते. खोलीचे वैभव नसतानाही चांगले काम होते याचा तो पुरावा आहे आणि व्हॅन गेल्डर यांच्या १९५९ च्या निर्णयाचे मूल्यमापन करताना तो विसरता येत नाही.

भागीदार घेऊन न्यूयॉर्क शहरात स्टुडिओ काढणे हा तिसरा. भाडे, संघटनांचे नियम, आणि आवाजाच्या निर्णयात दुसऱ्याचा वाटा.

चौथा मार्ग त्यांनी स्वीकारला: नोकरी न करता, भागीदार न घेता, चष्म्याच्या उत्पन्नातून एकेक यंत्र घेत जायचे आणि साखळीतली प्रत्येक कडी आपल्या ताब्यात आणायची. दोन डगरींवर पाय ठेवणे आपल्याकडे शहाणपणाचे मानले जात नाही. या प्रकरणात मात्र त्याच एका गोष्टीने त्यांना घाईचा निर्णय घेण्यापासून वाचवले.

पहिला निर्णय: आधी यंत्रे, मग राजीनामा

१९५४-५५ पर्यंत तीन कंपन्यांचे नियमित काम हातात होते. त्या वेळी चष्मे सोडले असते तर नवल वाटले नसते. त्यांनी सोडले नाहीत. पहिले उत्पन्न घरखर्चाला आणि यंत्रांना, दुसरेही यंत्रांना, अशी ती मांडणी होती. त्यामुळे कर्जाच्या हप्त्यासाठी नको ते काम घेण्याची पाळी आली नाही.

या काळात केलेली एक गुंतवणूक लक्षात घेण्यासारखी आहे. यू ४७ हा माइक मुळात वाद्यापासून थोडा लांब ठेवायचा. व्हॅन गेल्डर तो ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या अगदी जवळ नेत. इतक्या जवळून फुंकलेल्या स्वराची पातळी माइकच्या आतल्या नळीला झेपत नाही, आवाज फाटतो. नवीन माइक शोधत बसण्याऐवजी त्यांनी राइन नार्मा या इंजिनिअरकडून माइकमध्येच बदल करून घेतला. कन्सोलही, म्हणजे सगळे माइक एकत्र मिसळण्याचे टेबलही, नार्मा यांनीच बांधून दिला. पुढे फेअरचाइल्ड कंपनीने ६६० नावाचा जो लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर गेला की दाबून धरणारे यंत्र) बाजारात आणला त्याची मूळ रचना याच नार्मांची, आणि पहिल्या यंत्रांपैकी एक व्हॅन गेल्डर यांच्याकडे गेले. चांगला यंत्रज्ञ शोधून त्याला धरून राहणे ही तयार यंत्र विकत घेण्यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ गुंतवणूक ठरली.

दुसरा निर्णय: लॅकर स्वतः कापायचे

सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आमच्या मते हा. यातला व्यवहार समजायला थोडे गणित लागते.

एलपी, म्हणजे लांब वेळाची तबकडी, मिनिटाला ३३⅓ वेळा फिरते. २० मिनिटांच्या बाजूत ६६७ फेरे होतात. १२ इंची तबकडीवर खाचा मावण्याची पट्टी साधारण साडेतीन इंचांची, म्हणजे इंचात सुमारे २०० खाचा बसवाव्या लागतात. बाजू २७ मिनिटांची केली तर ९०० फेरे, आणि त्याच पट्टीत इंचात सुमारे २६० खाचा. खाच जितकी जोरात डावी-उजवीकडे झुलते तितकी तिला जागा जास्त लागते, आणि सर्वांत मोठे झोके खर्जाचे. त्यामुळे कापणाऱ्यासमोर तीनच वाटा असतात: बाजू छोटी ठेवा, एकूण पातळी उतरवा, किंवा खर्ज कापा. पातळी उतरवली की पृष्ठभागाची खरखर वर येते. खर्ज कापला की डबल बास हरवतो. दोन्ही नको तर संगीत कमी भरावे लागते, आणि ते कंपनीला चालत नाही.

ध्वनिमुद्रण करणारा आणि लॅकर कापणारा एकच असला की हा हिशेब वादक समोर असतानाच होतो. बासचा माइक किती जवळ, ड्रमच्या पायाच्या फटक्याला किती वाव, कुठे लिमिटर थोडा जास्त दाबायचा, हे सगळे कापण्याची सुई डोळ्यांसमोर ठेवून ठरते. टेप लेथवर येते तेव्हा दुरुस्तीला फारसे काही उरत नाही, म्हणून तबकडी जास्त पातळीवर कापता येते. त्या काळच्या ब्लू नोटच्या तबकड्या दुकानात लावल्या की उसळून बाहेर येत, त्यामागे हे कारण आहे.

जुनी तबकडी हाती असेल तर दिव्याखाली तिरकी धरून लेबलच्या बाहेरची गुळगुळीत पट्टी पाहावी. तिथे ‘आरव्हीजी’ ही रोमन आद्याक्षरे कोरलेली किंवा ‘व्हॅन गेल्डर’ असा ठसा उठवलेला सापडतो. संग्राहक आज तोच ठसा पाहून किंमत लावतात. त्या काळात ती साधी जबाबदारीची खूण होती: ही तबकडी मीच कापली, दुसऱ्याने पुन्हा कापली असेल तर हे अक्षर नसेल.

धंद्याच्या दृष्टीने याचा परिणाम असा की कंपनीला एका दाराआड सगळे मिळू लागले. सत्र, संपादन, मास्टर, लॅकर. गिऱ्हाईक दुसरीकडे जायचे तर त्याला दोन माणसे शोधावी लागत.

तिसरा निर्णय: खोलीशी भांडायचे नाही

तेव्हा आवाज थेट मोनो टेपवर (सगळी वाद्ये एकाच ट्रॅकवर) आणि पुढे दोन ट्रॅकवर जात असे. टेप सेकंदाला १५ इंच वेगाने धावे. २,५०० फुटांचे भेंडोळे ३३ मिनिटांत संपे. ट्रम्पेटचा सोलो दबला तर नंतर वर उचलता येत नाही, सगळा टेक, म्हणजे एका दमात वाजवलेली ती रचना, पुन्हा घ्यायचा किंवा ब्लेडने टेप कापून दोन टेक जोडायचे. म्हणून समतोल त्या क्षणी, हातानेच साधावा लागे.

छोट्या खोलीत खरा त्रास देतो तो एकाच्या माइकमध्ये शिरणारा दुसऱ्याचा आवाज. साधा नियम असा की वाद्य आपल्या माइकपासून जितके लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतरावर शेजारचा माइक हवा. ३० सेंटीमीटरला ९० सेंटीमीटर. तेवढ्याने शेजारच्या माइकमध्ये तो आवाज सुमारे साडेनऊ डेसिबल खाली पडतो. ट्रम्पेटला हे जमते. ड्रमला जमत नाही, कारण झांजांवरचा माइक मीटरभर वर आणि पियानोचा माइक दोन मीटरांवर असेल तर फरक सहा डेसिबलचाच. पियानोचा माइक उघडला की त्यातून झांजाच ऐकू येतात. त्यातही दोन माइकांमधल्या मीटरभराच्या फरकाने आवाज २.९ मिलिसेकंद मागे पडतो आणि दोन्ही माइक मिसळले की १७० हर्ट्झच्या आसपास, मग ५१० ला, मग ८६० ला असे खड्डे पडतात. ड्रम पोकळ वाटतो तो यामुळे.

यावरचा नेहमीचा तोडगा म्हणजे पियानोचे झाकण खाली आणायचे आणि माइक आत, तारांजवळ न्यायचा. झांजा कमी होतात, पण झाकण आणि ध्वनिफळी यांच्यातल्या बंदिस्त पोकळीचा रंग आवाजाला चढतो. व्हॅन गेल्डर यांच्या पियानोवर सर्वांत जास्त टीका झाली ती नेमकी याच कारणाने: पियानो डबीत कोंडल्यासारखा, वरचे स्वर धूसर, त्यावर लिमिटरचा दाब. ते माइक कुठे ठेवत हे त्यांनी कधीच नीट सांगितले नाही, म्हणून यातले किती झाकणामुळे आणि किती लिमिटरमुळे हे बाहेरून वेगळे करता येत नाही. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम समोर ठेवायचे तर कुणाला तरी मागे जावे लागणार, आणि त्यांनी पियानोला मागे जाऊ दिले, एवढे मात्र कानाला स्पष्ट कळते.

वेगाच्या बाबतीत हा दिवाणखाना कुठल्याही मोठ्या स्टुडिओला हार जाणारा नव्हता. ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६ या दोन दिवसांत ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पंचकाने तिथे प्रेस्टीजसाठी जे वाजवले त्यातून चार एलपी निघाल्या. मांडणी ठरलेली, माइक ठरलेले, कन्सोलची बटणे जवळपास ठरलेली. वादक आले की वाजवायला बसत.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. ब्लू नोट सत्राआधीच्या तालमीचे पैसे वादकांना देत असे, प्रेस्टीज देत नसे. ध्वनिमुद्रक तोच, खोली तीच, माइक तेच, तरी दोन कंपन्यांच्या तबकड्यांत बांधणीचा फरक ऐकू येतो. आवाजाचे श्रेय वाटताना हे तालमीचे पैसे बहुधा विसरले जातात.

चौथा निर्णय: स्टिरिओ आला, पण कान मोनोचेच ठेवले

ब्लू नोटसाठी हॅकेन्सॅकमध्ये स्टिरिओ टेप सुरू झाली ती १९५७ च्या मार्चमध्ये. स्टिरिओ एलपी अमेरिकेत सर्रास विकायला आली १९५८ मध्ये. मधल्या काळात मोनो आणि स्टिरिओ अशी दोन यंत्रे एकाच वेळी चालत. १९५८ च्या अखेरीपासून मोनो यंत्र बंद झाले. दोन ट्रॅकची एकच टेप, आणि मोनोसाठी दोन्ही बाजू सारख्या प्रमाणात मिसळायच्या.

काम करताना मात्र ऐकणे एकाच स्पीकरवर. गिऱ्हाइकांतले बहुसंख्य लोक मोनोवरच ऐकत होते, तेव्हा व्यवहार म्हणून हे चूक म्हणता येत नाही. पण त्याचा परिणाम तपासण्यासारखा आहे. जे वाद्य दोन्ही ट्रॅकवर सारखे आहे ते मोनोत मिसळताना सहा डेसिबलने वर येते. जे एकाच बाजूला आहे ते जागच्या जागी राहते. मोनोवर समतोल साधला, की दोन स्पीकरांवर ऐकताना मधले वाद्य खोलीत सुमारे तीन डेसिबलनेच वर येते, म्हणजे अपेक्षेपेक्षा दबलेले वाटते. एका टोकाला ट्रम्पेट, दुसऱ्या टोकाला सॅक्सोफोन, आणि मधे ओसाड: त्या काळच्या अनेक स्टिरिओ तबकड्यांबद्दलची ही तक्रार यातून आली.

दुसरा मार्ग होता का? होता. दोन यंत्रे चालूच ठेवायची आणि स्टिरिओसाठी कन्सोलवर वेगळा समतोल. त्याला दुसरी टेप, दुसरा माणूस आणि दुप्पट संपादन लागते. एकट्याने चालणाऱ्या स्टुडिओला ते परवडले नाही, आणि दुसरा माणूस आत घेणे हे त्यांच्या स्वभावात नव्हते.

पाचवा निर्णय: १९५९ ची वास्तू

आता तीन गोष्टी जमल्या होत्या: माइकपासून लेथपर्यंतची पूर्ण साखळी, एकावर अवलंबून नसलेली गिऱ्हाइके, आणि स्वतःचा म्हणून ओळखला जाणारा आवाज. खोली तेवढी उरली होती.

एंगलवुड क्लिफ्समध्ये सिल्व्हन अव्हेन्यूवर जागा घेतली. वास्तुविशारद डेव्हिड हेन्केन, विख्यात अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्या परंपरेतले. डग्लस फर लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या कमानी, वर सीडर लाकडाच्या फळ्या आणि छताची उंची ३९ फूट. राहण्याची जागाही त्याच आवारात. जुलै १९५९ मध्ये काम सुरू झाले.

३९ फूट कशाला? नेहमीच्या घराचे छत २.७ मीटर धरले, तर जमीन आणि छत यांच्यात ६३ हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो. डबल बासचा खालचा सी ६५ हर्ट्झचा. तो एकच स्वर फुगतो, शेजारचे फुगत नाहीत, आणि कन्सोलवर काहीही केले तरी ते सरळ होत नाही. १२ मीटर उंचीवर हीच घुमण्याची जागा १४ हर्ट्झवर जाते, म्हणजे ऐकण्याच्या टप्प्याच्या बाहेर. आणखी महत्त्वाचे असे की छताला आपटून परत येणारा आवाज नेहमीच्या खोलीत साधारण नऊ मिलिसेकंदांत माइकवर पोहोचतो आणि मूळ आवाजाचा रंग बिघडवतो. १२ मीटरांवरून तो साठ-पासष्ट मिलिसेकंदांनी येतो, तेव्हा कान त्याला खोलीचा विस्तार म्हणून वेगळा ऐकतो. लाकूड असल्याने तो परततानाही मऊ होऊन येतो.

मोठ्या खोलीतही त्यांनी माइक जवळच ठेवले. म्हणजे समोरचा आवाज हॅकेन्सॅकचाच राहिला आणि मागे हवा आली. गिऱ्हाइकांना जुना आवाज हवा होता. तो न सोडता खोली बदलणे हे या निर्णयातले कसब. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीने ९ डिसेंबर १९६४ ला इथेच वाजवले, आणि त्या टेपवर ड्रमच्या मागे जी जागा ऐकू येते ती दिवाणखान्यात येणे शक्य नव्हते.

चष्म्याचा धंदा याच वर्षी बंद झाला. आधी खोली उभी राहिली, मग उत्पन्नाचा जुना स्रोत सोडला.

निष्पत्ती

१९६० च्या दशकात ब्लू नोट, प्रेस्टीज, इम्पल्स, व्हर्व अशा कंपन्यांचे काम या एका छताखाली होत होते. १९६५-६६ च्या सुमारास ब्लू नोट लिबर्टी या दुसऱ्या कंपनीला विकली गेली आणि १९६७ मध्ये लायन निवृत्त झाले. सर्वांत जुने गिऱ्हाईक हातचे जाणे हा कुठल्याही स्टुडिओला मोठा फटका. इथे निर्माते क्रीड टेलर यांची सीटीआय ही तबकडी कंपनी पुढे आली. कामाची पद्धतही बदलली: बहुट्रॅक टेप, संगीत संयोजक डॉन सेबेस्की यांच्या तंतुवाद्यांची नंतर घातलेली भर. थेट दोन ट्रॅकवर काम करणारा माणूस या बदलात मागे पडला नाही, कारण इमारत, यंत्रे आणि वेळापत्रक तिन्ही त्याच्या स्वतःच्या मालकीचे होते.

१९९९ पासून ब्लू नोटने त्यांच्याकडूनच जुन्या टेपांचे डिजिटल मास्टर करून घेऊन स्वतंत्र मालिका काढली. एलपीबद्दल त्यांना हळवेपणा नव्हता. खाचांच्या मर्यादेशी आयुष्यभर झगडलेल्या माणसाला डिजिटल आले याचा आनंदच होता. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीचा जॅझ मास्टर सन्मान आणि २०१२ मध्ये ग्रॅमीचा विश्वस्त पुरस्कार मिळाला.

काय वेगळे करता आले असते

नोकरी सोडण्याची वेळ आणि लॅकर कापण्याचा निर्णय, या दोहोंत फेरबदल सुचवावा असे काही दिसत नाही. बाकी तीन ठिकाणी दिसते.

पहिले, सगळ्यांना एकच साचा. जवळचा माइक, ठाम लिमिटर, ठरलेली मांडणी यांनी वेग आला, पण वाद्याचा मूळ स्वर बदलतो अशी तक्रार काही मोठ्या वादकांनी उघडपणे केली आणि त्यांतल्या एकाने त्यांच्याकडे काम करायचे नाकारले. पियानोवादक मुख्य असलेल्या त्रिकुटासाठी मांडणी वेगळी ठेवणे १९५९ नंतरच्या खोलीत सहज जमले असते: ड्रम चार मीटर दूर, पियानोचे झाकण पूर्ण उघडे, माइक पियानोच्या बाजूच्या वळणाजवळ हात-दीड हात बाहेर, लिमिटर बंद. त्या एका सत्राला तासभर जास्त गेला असता. संगीतकार संघटनेच्या नियमाने तीन तासांच्या सत्रात १५ मिनिटांचे संगीत घेता येई, तेव्हा तास वाया घालवणे कंपनीला खुपले असते, हेही खरे.

दुसरे, स्टिरिओवर कान न ठेवणे. १९५७ मध्ये ते क्षम्य होते. १९६२-६३ पर्यंत दुसरा स्पीकर लावून निदान टेक संपल्यावर एकदा ऐकणे खर्चाचे काम नव्हते.

तिसरे आणि सर्वांत महाग पडलेले, गुप्तता. यंत्रांना हात लावायची कुणाला परवानगी नसे, माइक हाताळताना ते हातमोजे घालत, कंट्रोल रूममध्ये खाणेपिणे वर्ज्य. इथवर शिस्त. पण छायाचित्र काढायच्या आधी माइक जागचे हलवत, असेही सांगितले जाते. दशकानुदशके शिकाऊ माणूस नाही; मॉरीन सिकलर सहाय्यक म्हणून आल्या त्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात. धंद्यात स्पर्धक असताना १९५५ मध्ये हे समजते. १९८० नंतर त्या माहितीची बाजारातली किंमत संपली होती आणि अभ्यासातली वाढली होती. जुन्या टेपा पुन्हा मास्टर करणाऱ्यांना आज कानावर विसंबून अंदाज बांधावे लागतात: या टेपवरचा दाब सत्रातला की नंतरचा, हा प्रतिध्वनी खोलीचा की यंत्राचा.

यावर उपाय म्हणून सत्रपत्रिकेचा एक कागद पुरेसा होता, आणि आज अशा थेट सत्रांना बसणाऱ्याने तो टेपच्या डब्यातच ठेवावा. त्यात माइकचे नाव आणि क्रमांक, वाद्यापासूनचे अंतर सेंटीमीटरमध्ये, जमिनीपासूनची उंची, पियानोचे झाकण किती उघडे, लिमिटर कोणत्या वाहिनीवर आणि काटा किती डेसिबल मागे जात होता, प्रतिध्वनी टेपवर गेला आहे की फक्त ऐकण्यापुरता होता, टेपचा वेग, आणि सुरुवातीला मिनिटभर १ किलोहर्ट्झ, १० किलोहर्ट्झ आणि १०० हर्ट्झचे संदर्भस्वर. वादक चहाला गेले असताना हे दहा मिनिटांत भरून होते.